रंगसंगतीवरून हातानं शुभेच्छापत्रं बनवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातानं कार्ड बनवणाऱ्याला कागद सरळ कापणं, घडी घालणं, नीट चिकटवणं हे सरावानं जमतंच. घोडं अडतं ते रंगांपाशी. हाताशी रंगीत कागदांची थप्पी असते, इंक पॅड असतात, रंगपेटी असते, आणि तरी तयार झालेलं कार्ड एकतर भडक दिसतं, नाहीतर मिळमिळीत. रंग कोणते घ्यायचे याचा विचार झालेला असतो. पण कुठला रंग किती घ्यायचा आणि त्यांच्यात उजळ-गडद फरक किती ठेवायचा, हे ठरवायचं राहून गेलेलं असतं. पुढची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात, आणि माझ्या मते यायलाच हवीत.

आधी रंग आणि मग डिझाइन? हे उलटं नाही का?

उलटंच आहे, आणि फायदा त्यातच आहे. एरवी आपण आधी फूल, फुगा, पक्षी असं काहीतरी ठरवतो आणि मग त्यात रंग भरत जातो. प्रत्येक पाकळीपाशी नवी शंका, प्रत्येक पानापाशी नवा निर्णय. रंगसंगतीवरून काम करताना तीन-चार रंगांचे तुकडे आधी समोर मांडायचे, त्यांच्याबाहेर जायचं नाही असं ठरवायचं, आणि मग एवढ्यातून काय साधता येईल ते पाहायचं. संचात हिरवा नसेल तर पान निळसर राखाडी करावं लागतं, आणि बहुतेक वेळा तेच पान कार्डाला वेगळेपण देऊन जातं.

ज्यांना आपल्याला चित्र काढता येत नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी तर ही पद्धत फारच चांगली. सरळ पट्ट्या, चौकोन, वर्तुळं एवढ्यावरही देखणं कार्ड होतं, कारण अर्धं काम रंगांनीच केलेलं असतं.

किती रंग घ्यावेत?

तीन ते पाच. त्यात कागदाचा पांढरा किंवा मोतिया रंगही धरायचा. तो मोजायचाच नसतो असं समजून बरेच जण पाचावर सहावा चढवतात. ए६ आकाराच्या कार्डाचा दर्शनी भाग फक्त १०५ × १४८ मिलिमीटर असतो. एवढ्याशा जागेत सहा-सात रंग आले की नजर कुठेच ठरत नाही. नवीन असाल तर तीनच घ्या: एक शांत, एक मधला, एक उठून दिसणारा.

रंगसंगती शोधायची कुठे?

रंगचक्रावरून, म्हणजे वर्तुळात क्रमानं मांडलेल्या रंगांवरून, जोड्या काढता येतात: समोरासमोरचे विरोधी रंग, शेजारशेजारचे मिळतेजुळते रंग, समान अंतरावरचे तीन रंग. हे शिकून ठेवावं, उपयोगी पडतं. पण चक्रावरून निघालेले रंग नेहमी सगळे सारख्याच जोमाचे असतात आणि कुणी मागे सरायला तयार नसतो. म्हणून मी आधी निसर्गाकडे किंवा वापरून जुन्या झालेल्या वस्तूंकडे पाहायला सांगेन. उन्हानं विटलेलं कापड, पोपडे धरलेली भिंत, गंज चढलेलं दार, शिंपल्याची आतली बाजू, पावसाआधीचं आकाश. इथे रंगांचं प्रमाण आयतं मिळतं, आणि खरी शिकवणी त्या प्रमाणातच आहे.

ही सवय जुनी आहे. पॅट्रिक साइम या स्कॉटिश चित्रकारानं १८१४ साली रंगांच्या नावांची एक सूची प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक रंगाचा नमुना होता आणि तो रंग कोणत्या प्राण्यात, वनस्पतीत किंवा खनिजात दिसतो तेही लिहिलेलं होतं. 'बीगल' जहाजावरच्या प्रवासात चार्ल्स डार्विननं पाहिलेल्या रंगांचं वर्णन करायला हीच सूची वापरली. रंग आणि तो जिथे दिसला ती वस्तू यांची एकत्र नोंद करण्याची ती पद्धत आजही कार्ड बनवणाऱ्याच्या वहीत तितकीच चालते.

फोटोवरून रंग कसे काढायचे? ॲप वापरलं तर चालेल?

चालेल, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. ॲप साधारणपणे फोटोत ज्या रंगांनी जास्त जागा व्यापली आहे ते शोधतं, किंवा जवळजवळच्या छटांची सरासरी काढतं. परिणामी पाचपैकी चार रंग मातकट आणि एकमेकांसारखे निघतात, आणि ज्या लहानशा लाल ठिपक्यासाठी तुम्ही तो फोटो निवडला होता तो यादीतून गायब असतो.

त्यापेक्षा राखाडी कागदाच्या तुकड्याला एक छोटं भोक पाडा आणि तो फोटोवर सरकवत न्या. भोकातून फक्त रंग दिसतो, वस्तू दिसत नाही. मग लक्षात येतं की 'पांढऱ्या' भिंतीची सावली निळसर आहे आणि 'हिरव्या' झाडाचा निम्मा भाग जवळपास तपकिरी आहे. जे रंग दिसले त्यांच्याशी जुळणारे कागदाचे तुकडे फोटोशेजारी ठेवत जा. शेवटी डोळे बारीक करून फोटो आणि तुकडे एकत्र पाहा. दोन्हींचा एकंदर भाव सारखा वाटला की समजा, रंग मिळाले.

एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवाल का?

नेहमीचं करडं कबूतर घेऊ. त्याच्याकडे कुणी रंगांसाठी पाहत नाही, म्हणूनच ते निवडलं. अंग निळसर करडं. पंखावर दोन काळपट पट्टे. मानेवर हिरवी-जांभळी झाक, जी ते जरा वळलं की बदलते. पाय तांबूस गुलाबी आणि डोळा नारिंगी. म्हणजे पाच-सहा रंग झाले. त्यातले पाय सोडून देऊ, कारण डोळ्याशेजारी आणखी एक उष्ण रंग आला की दोघंही एकमेकांचा जोर कमी करतात.

आता प्रमाण बघा. करडा रंग सगळ्यात जास्त, त्यामानानं काळपट कमी, मानेची झाक आणखी कमी, आणि नारिंगी म्हणजे नुसता ठिपका. कार्डातही तसंच करायचं. निळसर करड्या जाड कागदाची ए६ घडी घ्या. उजव्या बाजूला काळसर राखाडी कागदाच्या दोन तिरक्या पट्ट्या लावा, एक ८ मिलिमीटर रुंद आणि दुसरी ५, मध्ये साधारण तेवढीच मोकळी जागा. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ शेवाळी आणि जांभळ्या कागदाच्या ३-३ मिलिमीटरच्या बारीक पट्ट्या एकमेकींना खेटून लावा, चार-पाच पुरेत. पंचिंग मशीनमधून पडणारी टिकली साधारण ६ मिलिमीटरची असते. नारिंगी कागदाची अशी एक टिकली त्या पट्ट्यांच्या जरा खाली चिकटवा. कार्ड झालं. कबुतराचं चित्र त्यात कुठेच नाही.

आता चिकटवण्याआधी हे करून बघा. टिकलीच्या जागी नारिंगी कागदाचं ३ सेंटिमीटरचं वर्तुळ ठेवा. करडा रंग लगेच मळकट वाटायला लागतो आणि सगळं कार्ड त्या वर्तुळासाठीच केलंय असं दिसतं. मग वर्तुळ काढून टाका, टिकलीही नको. आता कार्ड नीटनेटकं आहे, पण नजर त्यावरून सरकून जाते. ६ मिलिमीटरचा नारिंगी बाकीच्या सगळ्या करड्या भागाला अर्थ देतो. प्रमाणाबद्दल मी इतकं का सांगतो, ते हे दोन प्रयोग केल्यावर वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

प्रमाणाचा काही ठोकताळा आहे का?

सजावटीच्या क्षेत्रात ६०-३०-१० असा ठोकताळा प्रचलित आहे: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा, दहा टक्के उठावाचा. सुरुवातीला तो पाळावा. कार्ड लहान असल्यामुळे मी शेवटचा आकडा पाचावर आणायला सुचवेन, विशेषतः उठावाचा रंग लाल, नारिंगी किंवा गडद पिवळा असेल तर. आणि कुठलेही दोन रंग अगदी निम्मे-निम्मे ठेवू नका. कार्ड दोन तुकडे जोडल्यासारखं दिसतं.

रंग सुंदर निवडले, तरी कार्ड सपाट दिसतं. का?

बहुधा सगळे रंग सारखेच उजळ आहेत. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंग मोजण्याची जी पद्धत मांडली तीत प्रत्येक रंगाचे तीन गुण वेगळे केले: तो कोणता रंग आहे, तो किती उजळ किंवा गडद आहे, आणि तो किती तीव्र आहे. आपण पहिल्या गुणावर सगळा वेळ घालवतो. गुलाबी, आकाशी आणि पोपटी हे तीन अगदी वेगळे रंग आहेत, पण तिघांचा उजळपणा जवळपास सारखा असू शकतो. मग गुलाबीवर आकाशी चिकटवलं की कडाच कळत नाहीत.

तपासायचा उपाय अगदी सोपा. कागदाचे तुकडे एकत्र ठेवून फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळं एकाच राखाडी रंगात मिसळून गेलं तर एक तुकडा बराच गडद किंवा बराच फिका करा. पोपटीऐवजी शेवाळी, आकाशीऐवजी गडद निळा. रंगांचं कुटुंब तेच राहतं आणि कार्डाला खोली येते. चिकटवण्याआधीची ही एकच तपासणी करायची असेल तर हीच करा.

दुकानात पाहिलेला कागद कार्डावर लावला की वेगळाच दिसतो. फसवणूक झाली का?

नाही. शेजारचा रंग आपलं काम करतोय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्रल पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. तिथे काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार आली. धाग्याच्या रंगात खोट सापडली नाही. त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा फिका वाटत होता. या निरीक्षणातून त्यांनी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात याचा मोठा अभ्यास केला आणि तो १८३९ मध्ये प्रसिद्ध केला.

घरी पाहायचं तर एकाच राखाडी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक नारिंगी कागदाच्या मधोमध ठेवा, दुसरी निळ्याच्या. नारिंगीवरची राखाडी निळसर दिसेल, निळ्यावरची किंचित उबदार, तांबूस. पट्ट्या उचलून शेजारी ठेवल्या की पुन्हा सारख्या. म्हणून रंग कधीही सुटा निवडू नये. ज्याच्यावर तो बसणार आहे त्या कागदावर ठेवूनच ठरवावा. तेही शक्यतो दिवसाच्या उजेडात, कारण दिव्याखाली जुळलेले दोन कागद उन्हात वेगळे निघू शकतात.

स्क्रीनवर दिसलेली रंगसंगती कागदावर तशीच का उतरत नाही?

स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते. लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून ती रंग दाखवते. कागद बाहेरून पडलेला प्रकाश परत पाठवतो, आणि त्यातला काही भाग शाई गिळून टाकते. त्यामुळे स्क्रीनवरचे झळझळीत हिरवे, मोरपिशी आणि विजेसारखे निळे रंग घरच्या प्रिंटरच्या चार शाईंतून निघत नाहीत. हट्ट सोडावा. एकेक रंग जुळवण्यापेक्षा रंगांमधलं नातं जुळवा: कोण सर्वांत गडद, कोण सर्वांत फिका, कोण सर्वांत तीव्र. तो क्रम टिकला तर सगळे रंग थोडे दबलेले असले तरी संगती ओळखू येते.

कागद कोणता घ्यावा?

कार्डाच्या मूळ घडीसाठी २५० ते ३०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तेवढा कागद जाड). त्यापेक्षा पातळ असेल तर कार्ड उभं राहत नाही, मान टाकतं. वर चिकटवायच्या थरांसाठी १२० ते २०० जीएसएम पुरे. जलरंग वापरणार असाल तर जलरंगाचाच ३०० जीएसएम कागद घ्या. साधा कार्डपेपर पाण्यानं फुगतो आणि ब्रश दोनदा फिरवला की त्याचे तंतू सुटतात.

ए४ कागद मधोमध दुमडला की ए५ आकाराचं कार्ड होतं. तोच कागद आधी अर्धा कापून प्रत्येक तुकडा दुमडला तर दोन ए६ कार्डं मिळतात, आणि ती सी६ पाकिटात, म्हणजे ११४ × १६२ मिलिमीटरच्या, व्यवस्थित बसतात.

पांढऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात. शुभ्र पांढऱ्या कागदात उजळपणासाठी असे पदार्थ घातलेले असतात की तो निळसर झाक मारतो. मोतिया किंवा दुधी कागद पिवळटाकडे झुकतो. विटकरी, केशरी, शेवाळी असे उबदार रंग शुभ्र कागदावर कोरडे वाटतात आणि मोतियावर खुलतात. जांभळा, करडा, मोरपिशी यांना शुभ्र मानवतो. आणि एकाच कार्डात दोन वेगळे पांढरे आले तर त्यातला पिवळटाकडे झुकणारा मळल्यासारखा दिसतो, तेवढं सांभाळा.

घडी घालताना कागद फाटल्यासारखा होतो, रंगीत कागदावर पांढरी रेघ उमटते.

दोन कारणं. एक, कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. घडी त्या दिशेला समांतर हवी. कागद न मोडता हलकेच आडवा आणि मग उभा वाकवून पाहा. ज्या बाजूनं तो सहज वाकतो त्या बाजूची घडी स्वच्छ येते. दोन, घडीआधी खाच द्यावी लागते. पट्टी धरून बोन फोल्डरनं, म्हणजे घडी दाबायच्या बोथट पात्यानं, किंवा शाई संपलेल्या बॉलपेननं एक रेघ दाबून ओढा. खाच घडीच्या बाहेरच्या अंगाला आणि तिचा उंचवटा आत राहील अशा दिशेनं दुमडा.

पांढरी रेघ मात्र कधीकधी एवढं करूनही दिसते, कारण काही कागद फक्त वरून रंगवलेले असतात आणि आतून पांढरे असतात. एक कोपरा फाडून पाहिला की कळतं. कार्डाच्या घडीसाठी आरपार रंगीत असलेलाच कागद वापरा.

रंग स्वतः मिसळायचे असतील तर संगती कशी राखायची?

एक जुनी आणि खात्रीची युक्ती: संचातला एक रंग बाकी सगळ्यांत थोडा थोडा मिसळा. समजा गडद निळा मुख्य आहे. पिवळ्यात, गुलाबीत, हिरव्यात त्याचा एकेक थेंब गेला की सगळ्यांचा तिखटपणा उतरतो आणि ते एका घरातले वाटायला लागतात.

रंग दबवायचा असेल तर काळा टाळा. विरोधी रंगाचा थेंब घाला: हिरव्यात लाल, जांभळ्यात पिवळा. छानसा जिवंत राखाडी हवा असेल तर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा. निळा जास्त झाला तर ढगांचा राखाडी, तपकिरी जास्त झाला तर दगडांचा. नळीतल्या काळ्या-पांढऱ्यातून हा रंग मिळत नाही.

ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नका. जलरंग वाळल्यावर फिका होतो, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. त्याच कागदाच्या तुकड्यावर एक फटकारा मारा, पूर्ण वाळू द्या, मग ठरवा.

रंगीत कागदावर ठसा उमटवला की शाईचा रंग बदलतो. उपाय?

ठशांच्या बऱ्याच शाया पारदर्शक असतात. त्यांच्यातून खालचा कागद दिसतो. पिवळ्या कागदावर निळा ठसा हिरवट होणार, गुलाबीवर हिरवा ठसा तपकिरी होणार. दोन वाटा आहेत. एक तर त्याचा उपयोग करून घ्या: कागदाच्याच रंगातली गडद शाई वापरा, फिक्या निळ्यावर गडद निळी. असं कार्ड दिसायला संयत आणि देखणं होतं, आणि रंगही वाढत नाही. नाहीतर रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंट शाई घ्या. ती कागदावर थर देऊन बसते, त्यामुळे रंग टिकतो. वाळायला वेळ लागतो, घाई केली की बोट लागून फासली जाते. गडद कागदावर पांढरा ठसा उमटवायचा असेल तर ओल्या ठशावर एम्बॉसिंग पावडर टाकून ती उष्णतेनं वितळवणं हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. ठसा उमटवण्याआधी कागदावर थोडी टाल्कम पावडर फिरवून झटका, म्हणजे कण भलतीकडे चिकटत नाहीत.

सोनेरी, चंदेरी आणि चमकी?

सोनेरी हा रंग आहे, आणि तो उबदार आहे. त्यालाही संचात एक जागा द्यावी लागते. उबदार संगतीत सोनेरी, थंड संगतीत चंदेरी, हे बहुतेक वेळा बरोबर ठरतं. गडद निळ्यावरचा सोनेरी हा मात्र मोठा आणि सुंदर अपवाद. चमकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ती सगळीकडे सांडते, बहुतेक चमकी प्लॅस्टिकची असल्यामुळे असं कार्ड पुन्हा कागद करायलाही पाठवता येत नाही, आणि तिच्यापुढे बाकीचे रंग कुणी पाहत नाही.

मजकूर कोणत्या रंगात लिहावा?

संचातल्या सगळ्यात गडद रंगात. काळाच हवा असं नाही. गडद निळा, आमसुली, गडद शेवाळी हे मोतिया कागदावर काळ्यापेक्षा मऊ दिसतात आणि वाचताही येतात. पिवळा, अबोली, आकाशी यांत लिहिलेला मजकूर फिक्या कागदावर हरवतो, अक्षर कितीही मोठं काढलं तरी. कार्डाचा कागद गडद असेल तर आत फिक्या कागदाचं एक पान चिकटवा, चारही बाजूंनी ३-४ मिलिमीटर कमी ठेवून. पांढरं जेल पेनही चालतं, पण लांब मजकुराला ते पुरत नाही; मध्येच तुटक होतं.

कोणत्या प्रसंगाला कोणते रंग?

रंगांचे अर्थ समाजागणिक आणि घरागणिक बदलतात, त्यामुळे पक्की यादी देणं मला पटत नाही. ज्याला कार्ड द्यायचंय त्याच्याकडे पाहा. तो कोणते कपडे घालतो, त्याच्या खोलीत काय दिसतं, त्यानं स्वतः निवडलेल्या वस्तू कोणत्या रंगाच्या आहेत? तिथून तीन रंग उचला. असं कार्ड मिळाल्यावर माणसाला ते आपल्यासाठीच केलंय हे न सांगता कळतं.

सांत्वनाच्या कार्डाबद्दल एवढंच: उजळ-गडद फरक कमी ठेवा, तीव्रता कमी ठेवा, आणि मोकळी जागा भरपूर सोडा. इथे सपाटपणा हा दोष नाही. दुःखात असलेल्या माणसाला कार्डानं हाक मारून बोलवू नये. करडा, दुधी, फिका शेवाळी, एखादी बारीक गडद रेघ एवढं खूप आहे.

लाल-हिरवा फरक ओळखता न येणाऱ्या व्यक्तीसाठी कार्ड करायचंय.

लाल-हिरव्याची गल्लत हा रंगदृष्टिदोषाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे आणि तो पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बराच जास्त दिसतो. निळा आणि पिवळा ही जोडी अशा बहुतेकांना स्पष्ट दिसते. लाल-हिरवा घ्यायचाच असेल तर एक चांगलाच गडद आणि दुसरा चांगलाच फिका घ्या. वर सांगितलेली कृष्णधवल फोटोची तपासणी इथेही कामी येते.

चिकटवल्यावर कार्ड वाकतं.

गोंदातलं पाणी. कागद ओला झाला की पसरतो आणि वाळताना आकसतो. मोठ्या भागांना डबल साइड टेप, बारीक तुकड्यांना गोंदाचा अगदी छोटा थेंब. ओला गोंद लावावाच लागला तर कार्ड दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा.

लहान मुलांना हे कसं शिकवावं?

शिकवू नका. पूर्ण रंगपेटी बाजूला ठेवून त्यांच्या हातात तीनच रंगांचे कागद द्या, आणि ते मात्र त्यांनाच निवडू द्या. बाकीचं ती करतात.

कार्डाचे रंग किती दिवस टिकतात?

उजेडावर अवलंबून आहे. डाय शाई, म्हणजे कागदात मुरणारी पारदर्शक शाई, आणि स्वस्त स्केचपेनं उन्हात लवकर उडतात. पिगमेंट शाई आणि चांगले जलरंग बराच काळ तग धरतात. त्यातही सगळे रंग एकाच वेगानं उडत नाहीत, म्हणून गुलाबी आधी गेला की उरलेली संगती बिघडलेली दिसते. कुणी कार्ड चौकट करून लावणार असं वाटत असेल तर आम्लमुक्त कागद वापरा. हलक्या प्रतीच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं आणि त्यामुळे तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत जातो.

पाकिटाचा रंग?

पाकीट हा कार्डाचा पहिला रंग, म्हणून तो संचातलाच हवा. मुख्य रंगाची फिकी छटा सहसा चांगली दिसते. उठावाच्या रंगाचं पाकीट करायचा मोह होतो, पण मग आतला तो लहानसा ठिपका निष्प्रभ होतो, कारण पाहणाऱ्यानं तोच रंग ढीगभर आधीच पाहिलेला असतो. पाकीट गडद असेल तर पत्त्यासाठी फिक्या कागदाची चिठ्ठी चिकटवा. पोस्टानं जाणाऱ्या कार्डावर फोम टेपचे उंच थर टाळा. वाटेत दाबले जातात आणि त्यांचा छाप आतल्या पानावर उठतो.

एकदा जमलेली रंगसंगती पुन्हा कशी वापरायची?

तिची नोंद ठेवा, आणि ती खऱ्या कागदांची. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा एक तुकडा घ्या आणि त्यावर वापरलेल्या कागदांच्या पट्ट्या कार्डात जेवढ्या होत्या त्याच प्रमाणात चिकटवा: मुख्य रंगाची रुंद, उठावाच्या रंगाची केसासारखी. मागे लिहा, रंग कुठून घेतले, कोणत्या शाया वापरल्या, कोणते रंग किती मिसळले. नुसत्या एकसारख्या चौकोनांचा तक्ता ठेवला तर काही महिन्यांनी प्रमाण आठवत नाही आणि तेच रंग वापरूनही पहिल्यासारखं कार्ड होत नाही.

या नमुन्यांवरून नवे खेळही करता येतात. तेच रंग ठेवून मुख्य आणि जोडीचा रंग यांची अदलाबदल करा. कबुतराच्या संगतीत काळसर राखाडी मुख्य केला तर तीच संगती रात्रीची वाटायला लागते. नमुने बंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. नाहीतर वर्ष-दोन वर्षांत नमुनाच फिका पडतो आणि त्याच्याशी जुळवून आणलेला नवा कागद चुकीचा निघतो.